एसपीसी संचिका

सुपर फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रातील संगीत व ध्वनिपरिणाम मूळ स्वरूपात काढून जतन करण्याचा संचिका-प्रकार. निन्टेन्डोने १९९० मध्ये जपानमध्ये आणलेल्या या यंत्राचा ध्वनिविभाग सोनीतील अभियंते केन कुतारागी यांनी रचला. त्यात एसपीसी ७०० हा प्रक्रियक व ६४ किलोबाइटची स्वतंत्र स्मृती असते. खेळ चालू असताना वाद्यांचे नमुने, स्वरक्रम व वादनाची आज्ञावली या स्मृतीत उतरतात. एमुलेटरमधून (पहा : एमुलेटर) त्या क्षणीची संपूर्ण स्मृती व प्रक्रियकाची स्थिती टिपली की संचिका तयार होते. हे ध्वनिमुद्रण नव्हे. त्यामुळे ध्वनिविभागाच्या आठही वाहिन्या स्वतंत्रपणे ऐकता येतात आणि वाद्यांचे नमुने सुटे करता येतात. नमुने संपीडित असून १६ मूल्ये ९ बाइटांत साठवली जातात (पहा : ध्वनिसंपीडन). मर्यादित स्मृतीत केलेल्या संगीतरचनेच्या अभ्यासासाठी हा प्रकार विशेष मोलाचा आहे; मात्र त्या क्षणी स्मृतीत नसलेली धून संचिकेत येत नाही.