५१३ स्ट्राइकआउट आणि ३४ पराभव

बेसबॉलच्या नोंदींत एका हंगामातील सर्वाधिक स्ट्राइकआउटचा आकडा ५१३ आहे. तो १८८६ साली मॅट किलरॉय या डावखुऱ्या पिचरने नोंदवला. अमेरिकन असोसिएशन या तत्कालीन लीगमध्ये, बाल्टिमोरच्या संघाकडून, हा त्याचा पहिलाच हंगाम होता. त्या जूनमध्ये त्याला विसावे वर्ष पूर्ण झाले.

क्रिकेटच्या वाचकांसाठी एवढे सांगणे पुरे : फलंदाजाच्या खाती तीन स्ट्राइक जमा झाले की तो बाद, आणि हाच स्ट्राइकआउट. त्यात क्षेत्ररक्षकांचा वाटा अत्यल्प, म्हणून हा आकडा पिचरच्या स्वतःच्या सामर्थ्याचे माप मानला जातो. ते माप कितपत विश्वासार्ह?

त्याच वर्षी लुईव्हिलच्या टोड रॅम्सीने ४९९ फलंदाज असेच बाद केले. हा मूळचा गवंडी. थापीने बोटाचा स्नायुबंध कापला गेला आणि त्या अधू बोटामुळेच त्याच्या चेंडूला विलक्षण वळण मिळे, असे सांगतात. म्हणजे एकाच हंगामात, एकाच लीगमध्ये, दोघे पाचशेच्या उंबरठ्यावर! दोन अलौकिक पुरुष एकदम अवतरले म्हणण्यापेक्षा त्या काळचा खेळ तपासावा, हे बरे.

खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकण्याची पूर्ण मुभा पिचरला नुकतीच मिळाली होती आणि तो अवघ्या ५० फुटांवरून टाकायचा होता. फलंदाजाला मात्र चेंडू उंच हवा की खाली, हे मागण्याचा हक्क होता. शिवाय फाउल गेलेला फटका स्ट्राइक धरला जात नसे. तेव्हा सगळेच माप पिचरच्या पदरात पडत होते, असे नाही. खरे रहस्य श्रमांत आहे. किलरॉयने त्या हंगामात ५८३ डाव टाकले. १९७३ साली नोलन रायनने ३८३ स्ट्राइकआउटचा आधुनिक विक्रम केला तो ३२६ डावांत. डावामागे हिशेब मांडला तर रायन स्पष्टपणे पुढे आहे.

आणि संघाचे काय? बाल्टिमोर तळाला राहिले. किलरॉयने २९ सामने जिंकले, ३४ गमावले.

१८८७ साली नियम बदलले. चेंडूची उंची मागण्याचा हक्क गेला आणि बाद होण्यास तीनऐवजी चार स्ट्राइक लागू लागले. हा चौथा स्ट्राइक एकच हंगाम टिकला. तरी किलरॉयचे स्ट्राइकआउट २१७ वर आले. पुढे १८९३ मध्ये अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केले गेले, तेव्हा नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरलेल्या एमॉस रूसीलाही २०८ वरच थांबावे लागले. आदल्या वर्षीचा अव्वल आकडा तीनशेच्या वर होता.

मात्र ज्या १८८७ मध्ये किलरॉयचे स्ट्राइकआउट निम्म्याहून कमी झाले, त्याच वर्षी त्याने ४६ सामने जिंकले.