खेळण्यातला घोडा: पारखून घ्यावा, सांगून विकावा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेणारा मनुष्य आधी त्याचे दात पाहतो, अंगावरील भोवरे न्याहाळतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून घेतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. तोच मनुष्य सायंकाळी परतताना मुलासाठी किंवा दिवाणखान्यातील कपाटासाठी पितळेचा वा लाकडाचा घोडा घेतो, तेव्हा मात्र यातले काहीच पाहत नाही. विक्रेत्याने सांगितलेली किंमत निम्म्यावर आणली की आपण जिंकलो, असे त्याला वाटते. घोडे, बैल, हत्ती, वाघ अशा प्राण्यांच्या छोट्या प्रतिमा जमविणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. काही जण त्या पुढे विकतातही. या व्यवहारात फसगत होते ती बहुधा किमतीमुळे नव्हे, तर वस्तू कोठून आली हे न विचारल्यामुळे.

सावंतवाडी किंवा कर्नाटकातील चन्नपट्टण यांच्यासारखी खेळण्यांची पेठ नंदुरबारला नाही. येथे हाती लागणाऱ्या वस्तू तीन वाटांनी येतात. पोळ्याच्या सुमारास कुंभाराकडून येणारे मातीचे बैल ही पहिली वाट. यात्रा व आठवडे बाजारांतून येणारे लाकडी, प्लास्टिकचे व पितळी प्राणी ही दुसरी. तिसरी वाट घरातली: देव्हाऱ्यातला नंदी, खंडोबाचा घोडा, आजीच्या पेटीतला चाकांचा हत्ती. या जुन्या वस्तू घर आवरताना मोडीत निघतात आणि वजनावर जातात. संग्राहकाला सर्वांत मोलाची वस्तू मिळते ती याच वाटेवर, आणि अन्याय होण्याचा संभवही येथेच अधिक.

पितळेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक बनवाबनवी त्यातच आहे. प्राण्यांच्या पितळी प्रतिमा मुख्यतः दोन रीतींनी ओतल्या जातात. पहिली रीत मेणाच्या साच्याची. संस्कृतात तिला मधुच्छिष्टविधान म्हणतात व बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून प्राणी घडवितात, त्यावर मातीचा लेप देतात, भाजताना मेण वितळून जाते व त्या पोकळीत धातू ओततात. वस्तू बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एकासारखी दुसरी वस्तू तंतोतंत निघत नाही. छत्तीसगडमधील बस्तरचे ढोकरा काम या पद्धतीचे असून कोंडागावचे जयदेव बघेल यांनी ते देशाबाहेर पोहोचविले. दुसरी रीत वाळूच्या साच्याची. अलीगढ, मुरादाबादकडून येणाऱ्या पुष्कळ पितळी प्राण्यांत तीच दिसते. एकाच नमुन्यावरून शेकडो प्रती निघतात, आणि पोटाखाली किंवा पायांच्या आतील बाजूस दोन अर्धे जुळल्याची रेघ कानशीने घासलेली आढळते. ही रेघ असणे हा दोष नव्हे. दोष आहे तो अशी वस्तू ‘आदिवासी कारागिराचा एकमेव नग’ म्हणून विकण्यात. दुकानात त्याच मापाचे आणखी दोन घोडे मांडलेले दिसले व तिन्हींच्या शेपटीला एकाच जागी खाच असली, तर निराळ्या पुराव्याची गरज नाही.

वजन करून पाहावे. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड असते, ॲल्युमिनियम पावणेतीन पटही नसते. मात्र ढोकरा वस्तूत आत मातीचा गाभा राहिलेला असतो, म्हणून ती आकाराच्या मानाने हलकी भरली तरी घाबरू नये. टिचकी मारल्यास तिचा आवाजही बद्दच येतो. खिशात लहानसे लोहचुंबक ठेवणे उत्तम. पितळेला ते चिकटत नाही, पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटते.

जुनेपणाची परीक्षा मात्र इतकी सोपी नाही. खरोखर हाताळलेल्या वस्तूची झीज उंच भागांवर असते: कानांची टोके, पाठ, नाकाड, पावलांच्या कडा. खोलगट भागात काळसर थर टिकून राहतो. जेथे हात पोहोचतच नाही तेथेही सारखीच झीज असेल, तर ती आम्लाने आणलेली असण्याची शक्यता मोठी. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका आठवडे बाजारातून ‘पणजोबांच्या काळातला’ म्हणून हिरवट झाक असलेला घोडा घेतला होता. घरी ओल्या कापसाने पुसताच कापूस हिरवा झाला आणि घोडा पिवळाधमक. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. कापूस आणि पाणी बाजारातही मिळतात. याच्या उलट चूक खरी जुनी वस्तू हाती आल्यावर होते. घरी आणल्याबरोबर चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. शंभर वर्षांत चढलेला थर दहा मिनिटांत निघून जातो, त्यासोबत वस्तूची निम्मी ओळखही जाते. कोरड्या मऊ कापडापलीकडे काही करू नये.

आता मोडीचा प्रश्न. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातील एखादे कुटुंब अडचणीच्या वेळी जुना पितळी बैल घेऊन बाजारात येते, तेव्हा त्याला मिळतो तो धातूचा भाव. तोच बैल शहरातील दालनात पोहोचेतो किंमत अनेक पटींनी वाढते. मधल्या नफ्याला बेकायदा म्हणता येणार नाही. पण घेणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक असताना त्याने वजनकाटा पुढे करावा, हे या लेखकाला पटत नाही. किलोच्या भावाने नव्हे तर नगाच्या भावाने सौदा करावा, देणाऱ्याला वस्तू परत हवी असल्यास ठरावीक मुदतीत परत घेण्याची मुभा द्यावी, आणि तिचा वापर काय होता हे त्याच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. यात भाबडेपणा नाही. पुढे विकताना या चार ओळींनीच वस्तूची किंमत वाढते.

एक वस्तू मात्र कोणत्याही भावाने घेऊ नये: देवाला वाहिलेली. शेजारच्या छोटा उदेपूर व झाबुआ भागांत भिल्ल, राठवा आदी समाजांत देवस्थानी मातीचे घोडे वाहण्याची रीत आहे. झाडाखाली रांगेने उभे असलेले हे घोडे बेवारस नसतात. अशा ठिकाणाहून आलेला नग ‘मूळ’ आणि ‘दुर्मिळ’ म्हणून पुढे केला जातो. नवा घोडा हवा असल्यास तो घडविणाऱ्या कुंभाराकडे जावे.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊकच नसते. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी मूर्ती, शिल्प वा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते, मग ती खेळणे का असेना. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. धातू, दगड व भाजलेल्या मातीच्या शिल्पांसह अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. निर्यातीच्या गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. म्हणजेच ‘दीडशे वर्षांपूर्वीचा हत्ती’ असे सांगून विकणारा दुकानदार खरे बोलत असेल तर त्याच्याकडे परवाना हवा, आणि परवाना नसेल तर बहुधा हत्तीच तेवढा जुना नाही. हस्तिदंती प्राण्यांना तर हातच लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. वस्तू वडिलार्जित असली तरी ती विकता येत नाही.

तापीच्या खोऱ्यात या कायद्याला आणखी एक अर्थ आहे. शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे तापी व गोमाई यांच्या संगमावरील टेकाडाचे १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. अशी पांढरीची टेकाडे नदीकाठी ठिकठिकाणी आहेत. त्यांतून भाजलेल्या मातीचा बैल निघाला, तर तो सापडणाऱ्याचा होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची जमिनीत दडलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये ही मर्यादा आज हास्यास्पद वाटते, परंतु तिच्यामुळे जवळपास प्रत्येक वस्तू कायद्याच्या कक्षेत येते.

कळविल्याने काय घडते, याचे उत्तर दायमाबादने दिले आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी असलेल्या या गावी १९७४ मध्ये भिल्ल समाजातील एका शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना ब्राँझची चार शिल्पे मिळाली. बैलजोडी जुंपलेला व माणूस हाकीत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ही शिल्पे असून चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला, तरी अनेक अभ्यासक ती इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासची मानतात. ती मोडीत गेली असती तर साठ किलो धातूचे पैसे आले असते. आज ती मुंबई व दिल्लीच्या संग्रहालयांत आहेत.

लाकडाचे व मातीचे काम त्या मानाने सरळ आहे. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, चन्नपट्टणची काळ्या कुड्याच्या जातीच्या लाकडाची व वर लाखेचा रंग चढविलेली. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांकन आहे, म्हणून नाव छापलेले वेष्टन जपून ठेवावे. लाखेचे काम उन्हात ठेवू नये व रॉकेलने पुसू नये. विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे चाकांचे लाकडी बैल हा संग्रहाचा उत्तम विषय आहे. जुन्या जोड्यांना तेथे चांगली मागणी असते, मात्र जोडीतला एकच बैल असल्यास किंमत निम्म्याहूनही खाली येते. मातीच्या बैलाला पुनर्विक्रीची बाजारपेठ जवळजवळ नाहीच. तो आवडला म्हणून घ्यावा.

परदेशी प्लास्टिक प्राण्यांचा छंद शहरांतून आता येथेही आला आहे. जर्मनीची श्लाइश, अमेरिकेची ब्रेयर ही त्यातली परिचित नावे. श्लाइशच्या प्राण्याच्या पोटाखाली निर्मात्याची खूण असते, ती आधी पाहावी. उत्पादन थांबलेल्या नगांचे भाव चढतात, पण सगळ्यांचे नव्हे. ज्याला मागणीच नव्हती तो नग बंद झाल्यावरही पडूनच राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या ब्रेयरच्या घोड्याचे पाय वाकतात, कारण तो सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. मऊ प्लास्टिक उष्णतेने चिकट होते. जुन्या शिशाच्या प्राण्यांना मुलांपासून दूर ठेवावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकारागीर व भौगोलिक निर्देशांकन असलेली खेळणी यांना त्यातून सूट आहे.

विकायची वेळ आली की मागितलेल्या किमती पाहून भुलू नये. संकेतस्थळावर कोणी घोड्याचे दहा हजार मागत असेल, तर त्यावरून इतकेच कळते की तो अजून विकला गेलेला नाही. प्रत्यक्ष झालेले सौदे पाहावेत आणि त्यातून दलाली, बांधणी, टपाल व वाटेत मोडण्याचा धोका वजा करावा. घेतानाच एका वहीत तारीख, गाव, किंमत, माप, वजन व ऐकलेली माहिती लिहिलेली असेल, सोबत छायाचित्र असेल, तर विक्री सोपी जाते. डागडुजी केली असल्यास ती ग्राहकाला सांगावी. तुटून जोडलेला कान लपवून मिळविलेला नफा बहुधा परतीच्या टपालखर्चात जातो. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहावा. शिल्पे व कलाकृती विकून झालेला नफा आयकर कायद्याने करपात्र आहे, म्हणून खरेदीची पावतीही त्याच वहीत ठेवावी. नवी पण जुन्यासारखी दिसणारी वस्तू परदेशातील नातेवाइकांना धाडायची असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्यावा. विमानतळावर अडविलेला घोडा सोडवून आणण्यापेक्षा त्याला वेळ कमी लागतो.