खाण खोदणारे आणि खाण चालवणारे

डिसेंबर 1943. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले, खाणी आणि मजुरांची घरे त्यांनी पाहिली. लगेच जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आपल्या चळवळीत हे प्रकरण 1 मेच्या भाषणात एका वाक्यात उरकले जाते.

त्याच धनबादमध्ये 1926 पासून इंडियन स्कूल ऑफ माइन्स उभे होते, लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सच्या धर्तीवर. भारतीयांना खाणशास्त्र शिकवणारे सरकारी कॉलेज काढा, ही मागणी काँग्रेसने 1901 च्या कलकत्ता अधिवेशनात केली होती. मागणी रास्तच होती. पण झरियाच्या खाणीत कोळसा तोडणारे संथाळ, बाउरी, भुईया त्या कॉलेजच्या वर्गात कसे पोहोचणार, हा प्रश्न त्या मागणीत नव्हता. तो बाबासाहेबांनी मांडला. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट लिहिले की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात. (आम्ही स्वतः समाजशास्त्राचे एम.ए. आहोत, म्हणून हे अधिक टोचते.)

खाणीत कागदाला फार किंमत आहे. मायनिंग सरदार, ओव्हरमन, सेकंड क्लास मॅनेजर, फर्स्ट क्लास मॅनेजर अशी सक्षमता प्रमाणपत्रांची शिडी आहे. खाण सुरक्षा महानिदेशालय परीक्षा घेते, आणि प्रमाणपत्राशिवाय कायद्याने कोणी खाणीचा मॅनेजर होऊ शकत नाही. 1973 पर्यंत कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, आरक्षण आले, आणि चंद्रपूर, वणी, उमरेडच्या वस्त्यांतली आपली मुले या शिडीवर चढली. आजोबा लोडर, बाप फिटर, मुलगी इंजिनिअर, अशी घरे आम्हाला माहीत आहेत.

आता शिडीला आणखी एक पायरी जोडली जाते आहे. अमेरिकेतले 1874 चे कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स अनुभवी लोकांसाठी खाण उद्योग व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन देते. नोकरी न सोडता शिकायचे. आपल्याकडेही नोकरदारांसाठी व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत. पण ‘अनुभवी’ कोणाला म्हणायचे? पंधरा वर्षे डंपर चालवणाऱ्याकडे पदवी नसेल तर पदव्युत्तर प्रवेशासाठी त्याच्या अनुभवाला शून्य किंमत.

काही कार्यकर्ते विचारतात, आपला एक साहेब वर गेला तर कंत्राटी मजुराला काय मिळणार? प्रश्न खरा आहे. आज माती काढण्यापासून वाहतुकीपर्यंतचे काम कंत्राटात गेले, आणि कंत्राटदाराच्या भरतीत आरक्षण नाही. पण कोणते काम कंत्राटात द्यायचे, सुरक्षेवर किती खर्च करायचा, कोणते गाव उठवायचे, हे वरच्या खोलीत ठरते. तिथला ताळेबंद आणि निविदा वाचता येणारा माणूस आपला नसेल तर आपण गेटवर घोषणाच देत राहू. साहेब झालेला वस्ती विसरतो, हेही आम्ही पाहिले आहे. त्यावर उपाय त्याला जाब विचारणे हा आहे, पुढच्याचे शिक्षण थांबवणे नव्हे.

बायकांसाठी तर ही पायरी आणखी मोलाची. युद्धकाळात, 1943 मध्ये, भूमिगत कामावरची बंदी उठली तेव्हा कोळसाटंचाईच्या कारणाने बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्या निर्णयाचा बचाव केला, आणि समान कामाला समान वेतनाचे तत्त्वही मांडले. 1946 मध्ये बंदी परत आली. 2019 मध्ये सरकारने भूमिगत खाणीचे दार स्त्रियांना उघडले ते तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामांपुरतेच. म्हणजे टोपलीवाल्या आजीला बंद झालेले दार नातीला पदवी दाखवून उघडावे लागले.

राहिला पैसा. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या तिथे जाऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आहेत, नोकरी करत घरून शिकणारा त्यात बसत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांची फी कंपनीने भरावी, ही मागणी युनियनच्या मागणीपत्रात आली पाहिजे. आणि अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: त्या ऑनलाइन पदवीला यूजीसीची मान्यता आहे का, आणि महानिदेशालयाचे प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे का. व्यवस्थापनाची कोणतीही पदवी त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.