फ्लुइडाइज्ड बेडमधील कणांचे वर्तन

फ्लुइडाइज्ड बेडमधील कणांचे वर्तन : सच्छिद्र तबकडीवरील कणांच्या थरातून खालून वायू किंवा द्रव सोडल्यास थराला प्रवाहीपणा येतो, त्या अवस्थेतील कणांची हालचाल व त्यांवरील बले यांचा हा विषय. वेग कमी असता वायू फटींतून निघून जातो व थर स्थिर राहतो. वेग वाढेल तशी दाबातील घट वाढते. ती एकक क्षेत्रफळावरील थराच्या वजनाइतकी झाली, की कण तरंगू लागतात. त्या वेळचा वेग म्हणजे किमान प्रवाहीकरण वेग. पुढे वेग वाढवला तरी दाबातील घट जवळजवळ तेवढीच राहते. भांडे कलते केले तरी थराचा पृष्ठभाग आडवाच राहतो. किमान वेगाच्या आकडेमोडीस साब्री एर्गुन यांचे १९५२ चे समीकरण आधारभूत धरतात.

वर्गीकरण : डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये कणांचा आकार आणि कण व वायू यांच्या घनतेतील फरक यांवरून चार गट पाडले. सी गटातील मैद्यासारखी अतिसूक्ष्म चूर्णे चिकटून राहतात. वायू त्यांत चिरा पाडून निसटतो किंवा सगळा थर गोळ्यासारखा उचलला जातो. ए गटात थर आधी एकसारखा फुगतो, बुडबुडे नंतर येतात. तेलशुद्धीकरणातील उत्प्रेरक याच गटातला. फुगलेला थर स्थिर राहतो तो कणांमधील आकर्षणामुळे की प्रवाहामुळे, यावर मतभेद आहेत. बी गटात, उदा. वाळूत, किमान वेगापाशीच बुडबुडे सुरू होतात. डी गटातील गहू, वाटाणे यांसारख्या जाड कणांचा थर कारंज्यासारखा उसळवता येतो. हे गट दाखवणारा गेल्डार्ट यांचा मूळ आलेख सामान्य तापमान व दाबाच्या हवेसाठी आहे. तप्त भट्टीत गटांच्या सीमा सरकतात.

मिश्रण व विलगीकरण : बुडबुडा आपल्या मागील पोकळीत कण घेऊन वर चढतो व भोवतालचे कण खाली उतरतात; थर ढवळला जातो तो यामुळे. मिश्र कणांत जड कण तळाशी व हलके वर जमतात. या विलगीकरणात आकारापेक्षा घनतेतील फरक सहसा अधिक प्रभावी ठरतो.

झीज : परस्परांवर व भिंतीवर आपटून कण झिजतात, बारीक भुकटी वायूबरोबर उडते व ती सायक्लोन या विलगक उपकरणात पकडतात.

उपयोग : फ्रिट्झ विंकलर यांची कोळशाच्या वायूकरणाची पद्धत (जर्मनी, १९२० चे दशक), उत्प्रेरकी भंजन (बॅटन रूज, अमेरिका, १९४२), बाष्पित्रे, धान्य वाळवणे.