कमी बोलणाऱ्यांची रांग

साधा हिशेब करून बघा. तुम्ही २०० जणांना फॉलो करता. त्यातले १० जण रोज ३० पोस्ट टाकतात, उरलेले १९० आठवड्याला एक. म्हणजे दिवसाला ३०० विरुद्ध जेमतेम २७! ‘नवीन ते वर’ हा नियम दिसायला निःपक्षपाती, पण जो जास्त बोलतो त्यालाच जास्त जागा मिळते.

दुखणं जुनंच आहे. १९८४ साली लॅरी वॉलने यूजनेट वाचायला ‘आरएन’ हा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘किल फाइल’ होती. नको तो विषय, नको तो माणूस सरळ गाळून टाका. पण एक तर सगळं ऐका, नाहीतर तोंडच बघू नका. मधला मार्ग नाही.

२०१६ साली ट्विटरने ‘तुम्हाला आवडेल ते वर’ सुरू केलं. आता काय आवडेल, हे ठरवताना लाइक्स आणि रीट्वीट्सही मोजले जाणार. म्हणजे पुन्हा गर्दी जमवणाऱ्याचीच चांदी!

खरं तर कोण किती वेळा बोलतो, हे मोजणं प्रोग्रामरच्या दृष्टीने किती सोपं! २०२३ साली ब्लूस्कायने कुणालाही स्वतःची फीड बनवायची सोय दिली, आणि त्यातूनच ‘क्वाएट पोस्टर्स’ आली. तुम्ही फॉलो करता त्यांतल्या क्वचित लिहिणाऱ्यांच्या पोस्ट तेवढ्या दाखवणारी.

वर्षातून एकदाच लिहिणारा मित्र बहुधा ‘बाबा गेले’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढंच लिहितो. माझ्या मते फीड असावी तर त्याच्यासाठी. बाकीचे काय, उद्याही बोलणारच आहेत.