पोट भरलेला पहारेकरी

दोन-दोन महिने खोकणारा माणूस क्षयाच्या ओपीडीत येतो आणि म्हणतो, “काही नाही डॉक्टर, विडीचा खोकला आहे.” हे पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने या वाक्यापासूनच सुरुवात करावी. विडी आणि क्षय हे दोन वेगळे खोकले आहेत, असे त्या माणसाला वाटते. आपल्यालाही फार काळ तसेच वाटत होते.

तो समज मोठ्या प्रमाणावर हलला २००३ साली. व्ही. गजलक्ष्मी, रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूत मरण पावलेल्या ४३ हजार पुरुषांच्या सवयींची जिवंत पुरुषांच्या सवयींशी तुलना केली. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने होणारे मृत्यू चौपटीहून जास्त निघाले. हे आकडे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला सांगतो, कारण त्यांच्यामागे घरेच्या घरे आहेत.

पण असे का होते? उत्तर फुप्फुसाच्या वायुकोशात आहे. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहारा देतात. श्वासावाटे आलेला जंतू गिळून लायसोसोममध्ये पचवायचा, हे त्यांचे काम. धुराने हे पहारेकरी कमी होत असतील, असा आपला पहिला अंदाज. प्रत्यक्षात धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात ते कितीतरी जास्त असतात. सलाइनने फुप्फुसाचा भाग धुऊन काढलेल्या त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: आत तपकिरी, न पचलेल्या कणांचा गच्च साठा. २०१६ साली केंब्रिजमध्ये ललिता रामकृष्णन यांच्या गटाने दाखवून दिले, की अशा भरलेल्या पेशी क्षयाच्या जंतूकडे नीट सरकतच नाहीत. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत तर त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. नव्या पेशी वेळेवर पोचत नाहीत, जंतूला कोंडणारी गाठ आतून कुजते आणि जंतू मोकळे वाढतात. धोक्याची वर्दी देणारी टीएनएफसारखी रसायनेही या पेशी कमी सोडतात, पण मला स्वतःला हा साचलेला गाळच अधिक बोलका वाटतो.

प्रयोगशाळेतले बहुतेक काम सिगारेटवर झाले आहे. आपल्याकडे मात्र सोलापूर-सिन्नरच्या घरांतून वळली जाणारी विडी ओढतात. तेंदूपानाचा धूर त्या पेशीत नेमके काय साठवतो, हे पाहायला अजून पुष्कळ हात हवेत. या, बसा, सूक्ष्मदर्शक लावलेला आहे.