शिवडीची शेवरलेट आणि कुर्ल्याची फियाट

धरमतरची महती पेण-रोह्याच्या श्रोत्यांना सांगावयास नको. मुंबईहून आगबोटीने यावे, धरमतरला उतरावे आणि पुढे सडकेने कोकण गाठावे, हा एके काळचा रिवाज. त्या सडकेवर मोटारी आल्या. मोटारीची गादी किती मऊ, यापेक्षा ती कोणाच्या हातांनी घडली, हे आम्ही आधी विचारतो; आमचा धंदाच तो!

4 डिसेंबर 1928 रोजी शिवडीच्या कारखान्यातून जनरल मोटर्सची पहिली शेवरलेट बाहेर पडली. इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे 2,800 सी.सी.चे, शक्ती 35 अश्वशक्ती, गिअर तीन. चारही चाकांना ब्रेक, ही त्या काळची नवलाई. परंतु सुटे भाग खोक्यांतून परदेशाहून यावयाचे आणि येथे फक्त जोडावयाचे. आमच्या कामगाराच्या हाती पाना आला, ओतशाळा आली नाही. पुढे 1953 मध्ये सरकारने उत्पादनाची योजना नसलेल्यांना दार दाखविले आणि 1954 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. धोरण आम्हांस योग्यच वाटते. मात्र कंपनीला जावयास दुसरा देश असतो, कामगाराला नसतो.

कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने प्रथम डॉज-प्लिमथ जोडल्या, नंतर फियाट घेतली. 1964 ची ‘डिलाइट’ आणि 1974 पासूनची ‘पद्मिनी’ ही तिचीच रूपे. इंजिन 1,089 सी.सी.चे, म्हणजे शेवरलेटच्या निम्म्याहूनही लहान. तरी शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती! कारण ते अधिक वेगाने फिरे आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण अधिक दाबी. गिअर चार, दांडा सुकाणूच्या चाकापाशी. हळूहळू भागही येथेच घडू लागले, आणि भाग घडविणारा माणूस मालकाशी निराळ्या आवाजात बोलतो. 1958 चा कुर्ल्याचा दीर्घ संप त्याची साक्ष.

तरीही पद्मिनीचे कौतुक आम्ही आंधळेपणाने करणार नाही. परवान्यांच्या आडोशाला ती वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहिली. गिऱ्हाईक नंबर लावून बसे, मग सुधारणा कोण करणार? 1983 मध्ये मारुती आली आणि तिचे दिवस भरले. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.